दोन पानं आणि एक टाका

सावकाश वाचा. घाईत असाल तर हे बाजूला ठेवा आणि रात्रीची आवराआवर झाल्यावर हातात घ्या. आज एका डॉक्टरांच्या नावापाशी बसायचं आहे, आणि ते नाव नेईल तिकडं जायचं आहे.

आधी मिरजेला चला. सांगलीहून निघालं, विश्रामबाग मागं पडलं, की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही अंगांना दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागतात. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं. तेव्हापासून लांबलांबची माणसं दुखणी घेऊन या गावाला येतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इकडची; अथणी, विजापूर तिकडची. बाहेरच्या बाकड्यांवर निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कानडीत चाललेलं असतं.

यातल्याच एखाद्या दवाखान्याचं ऑपरेशन थिएटर डोळ्यांसमोर आणा. टेबलावर एक बाई आहे. तेरावा आठवडा चालू आहे. याआधी तीनदा पाचव्या महिन्यात तिचा गर्भ गेला आहे. डॉक्टर हात धुता धुता सिस्टरला सांगतात, “शिरोडकर घालायचाय.” सिस्टर त्याप्रमाणे सामान काढते, भूलतज्ज्ञाला किती वेळ लागेल याचा अंदाज येतो. बाहेर बसलेल्या सासूबाईंना कुणीतरी सांगतं, पिशवीच्या तोंडाला टाका घालताहेत. त्या खोलीत शिरोडकर हे एका टाक्याचं नाव आहे. शिरोडकर नावाचं एक माणूस होऊन गेलं, हे त्या घटकेला कुणाच्या मनातही येत नाही.

इथं थोडं थांबा. संशोधकाच्या कामाचा प्रभाव मोजायच्या पुष्कळ पद्धती आहेत. किती लेख लिहिले, ते कुठं छापले, इतरांनी किती वेळा त्यांचा दाखला दिला, हे सगळं मोजता येतं. पण परक्या गावात, परक्या हातांनी, त्या माणसाची आठवणही न काढता त्याचं काम रोज केलं जातं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मला हा रकाना सगळ्यांत मोलाचा वाटतो.

विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यातल्या शिरोडा गावचे. जन्म १८९९चा. शाळा हुबळीला, मग मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज. १९२३ साली एम. बी. बी. एस., १९२७ साली एम. डी., १९३१ साली इंग्लंडात एफ. आर. सी. एस. पुढं त्याच ग्रँट मेडिकलमध्ये प्रसूतिशास्त्राचे आणि स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक. कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही ते होते. १९६० साली पद्मभूषण मिळालं, १९७१ साली पद्मविभूषण, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ते गेले. चरित्र एवढं पुरे. सन्मानांपाशी रेंगाळायचं कारण नाही, कारण मिरजेतल्या त्या खोलीत यातलं काहीच पोचलेलं नाही. पोचला आहे तो टाका.

आता लक्ष शरीराकडं न्या. बाई असा की पुरुष, या जागेत तुम्ही राहून आलेले आहात. गर्भाशय म्हणजे मुख्यतः स्नायू. ताणायचं, वाढायचं आणि शेवटी जोर लावायचा, हे त्याचं काम. त्याच्या खालच्या टोकाला गर्भाशयमुख असतं, साधारण तीन ते चार सेंटिमीटर लांबीचं. त्याची घडण निराळी. तिथं स्नायू थोडा आणि चिवट तंतू फार. नऊ महिने गर्भाशयानं ताणत जायचं आणि या मुखानं मिटून राहायचं. मग प्रसूतीच्या दिवशी काही तासांत त्याच मुखानं नरम पडून पूर्ण उघडायचं. एकमेकांशेजारी असलेल्या दोन भागांनी इतका काळ उलट कामं करायची आणि ठरल्या वेळी एकत्र यायचं. बहुतेक बायांच्या बाबतीत हे कुणाच्या नकळत पार पडतं.

काहींच्या बाबतीत पडत नाही. चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्यात ते मुख हळूहळू उघडू लागतं. कळा येत नाहीत. ओटीपोटात थोडं जड वाटतं, अंगावरून थोडं पाणी गेल्यासारखं होतं, पाठ भरून येते. घरात कुणी म्हणतं, अशा दिवसांत व्हायचंच. दवाखान्यात पोचेपर्यंत गर्भाची पिशवी खाली उतरलेली असते. बाळात बहुधा काही दोष नसतो. त्याचं हृदय चालू असतं. फक्त त्याची वेळ झालेली नसते.

आता त्या बाईसोबत घरी परत या. घरातलं बोलणं ऐका. जड उचललं असेल. पायरी चुकली असेल. नजर लागली असेल. हिच्या पोटात मूल ठरतच नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं की बोलणारी तोंडं वाढतात, तिसऱ्यांदा झालं की मुलाला दुसरी बघायची भाषा सुरू होते. बाई स्वतःशीच मागच्या महिन्याचा एकेक दिवस उलगडत बसते. त्या दिवशी पाण्याची घागर उचलली होती. त्या दिवशी एस. टी.नं माहेरी गेले होते. अपराध सापडेपर्यंत ती शोधत राहते, आणि शोधणाऱ्याला काही ना काही सापडतंच.

हे सगळं मनात राहू द्या, आणि आता एक मासिक उघडा. मद्रासहून निघणारं ‘द अँटिसेप्टिक’, डॉ. यू. रामा राव यांनी १९०४ साली सुरू केलेलं वैद्यकीय मासिक. साल १९५५, खंड ५२, पानं २९९ आणि ३००. शिरोडकरांचा लेख त्या दोन पानांत संपतो. विषय, मधल्या तिमाहीत वारंवार होणाऱ्या गर्भपातावर शस्त्रक्रियेची नवी पद्धत. विलायतेतल्या एखाद्या नामांकित नियतकालिकाची वाट न पाहता त्यांनी तो आपल्याकडच्या मासिकात दिला.

त्या दोन पानांतला एक तपशील हळू वाचा. त्यांनी हे काम ३० बायांपुरतं ठेवलं होतं. प्रत्येकीचे आधी किमान ४ गर्भपात झालेले. काहींचे ९ ते ११. गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडाशी कमजोरी आहे, हे पुन्हा पुन्हा तपासून जिथं त्यांना दाखवता आलं, तेवढ्याच बाया त्यांनी घेतल्या होत्या.

तीस गुणिले चार. निदान एकशे वीस.

इथं वाचन थांबवा, आणि ही संख्या संख्या म्हणून राहू देऊ नका. एकशे वीस वेळा कुणाला तरी दिवस गेले. एकशे वीस वेळा कुणीतरी महिने मोजले. एकशे वीस वेळा एका घरात ओल्या टॉवेलांची आणि गप्प माणसांची रात्र झाली. त्या दोन पानांच्या खाली हे सगळं आहे. छापील लेखावर नाव एकाच माणसाचं येतं, तशी रीतच आहे. त्या बायांची नावं कुठं छापलेली नाहीत, छापायचीही नसतात. पण त्यांनी आपलं दुःख सांगितलं नसतं, पुन्हा पुन्हा तपासून घ्यायची कुचंबणा सोसली नसती, तर शिरोडकरांजवळ लिहायला काहीच नव्हतं. वैद्यकातल्या कुठल्याही मोठ्या शोधाकडं मी आता असंच बघते. वर छापलेल्या नावाखाली माणसांची एक रांग उभी असते, आणि वाचताना तिच्याकडं नजर वळली पाहिजे.

त्या काळी अशा बाईला दोन गोष्टी सांगत. झोपून राहा, आणि हार्मोनची औषधं घ्या. या बायांना दोन्हींचा उपयोग होत नाही, हे शिरोडकरांनी पाहिलं होतं. अमेरिकेत शिकागोच्या लॅश आणि लॅश यांनी १९५० साली याच दोषावर शस्त्रक्रिया मांडली होती, पण ती गर्भ नसताना मुखाची दुरुस्ती करण्याची होती. शिरोडकर गर्भ पोटात असताना हात घालायला तयार झाले. ज्या बाईनं चार-चार गर्भ गमावले आहेत, तिच्या पाचव्या गर्भापासून बोटभर अंतरावर सुई चालवायची. चुकलं तर तो जायचाच, आणि या खेपेला दोष डॉक्टरच्या हाताचा. त्या क्षणाचं ओझं थोडा वेळ आपल्या हातांवर घेऊन बघा.

रीत अशी. समोरून मूत्राशय वर सरकवायचं, मागच्या बाजूनंही आवरण थोडं सोडवायचं, म्हणजे मुखाच्या आतल्या तोंडाच्या पातळीपर्यंत पोचता येतं. तिथं सभोवार एक पट्टी फिरवून ती आवळायची आणि आवरणाखाली झाकून टाकायची. पट्टी कशाची? त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची, मांडीच्या बाहेरच्या अंगाकडून काढलेली. पुढं कृत्रिम धाग्याच्या फिती आल्या आणि मांडीवरचा तो छेद गेला. पण सुरुवातीच्या त्या बायांनी आपलं बाळ आपल्याच शरीरातल्या पट्टीनं धरून ठेवलं होतं.

आणि त्या टाक्यासोबत आणखी काहीतरी त्या घरांत गेलं. दोष घागरीत नव्हता, एस. टी.त नव्हता, नजरेत नव्हता, बाईच्या नशिबात तर नव्हताच. दोष होता तीन-चार सेंटिमीटरच्या एका भागात, आणि तो दाखवता येत होता. ज्यांच्या बाबतीत हे लागू होतं, त्यांच्यावरचा एक आरोप या दोन पानांनी उतरवला. सगळ्यांवरचा उतरवला असं मी म्हणणार नाही. गर्भ जाण्याची कारणं पुष्कळ असतात आणि कैक वेळा कारण सापडतच नाही. ज्यांना ते सापडलं नाही, त्यांनाही या मननात जागा असू द्या.

पुढं काय झालं तेही पाहू. १९५७ साली मेलबर्नच्या इयन मॅक्डोनाल्ड यांनी सोपी रीत मांडली. काही सोडवायचं नाही, सरकवायचं नाही. बटव्याच्या नाडीसारखा मुखाभोवती बाहेरूनच धागा ओवायचा आणि आवळायचा. तो घालायला सोपा, वेळ झाली की काढायलाही सोपा. आज सगळीकडं हाच जास्त घातला जातो. शिरोडकरांनी स्वतः परदेशांत आपली शस्त्रक्रिया करून दाखवली, १९६० साली त्यांचं पुस्तक एडिंबरोहून निघालं, आणि तरीही जगानं पुढं बहुधा मॅक्डोनाल्डची वाट धरली. यात कुणाला त्यांचा पराभव दिसेल. मला तसं वाटत नाही. गर्भ पोटात असताना हे मुख धरून ठेवता येतं, ही मूळ गोष्ट एकदा पटली की ती सोपी करणारा कुणीतरी निघायचाच. मुख फारच आखूड असेल किंवा आधीचा साधा टाका टिकला नसेल, तर शिरोडकरांची खोल रीत आजही वापरली जाते.

टाका सोपा झाला, तसा तो पसरला. ज्यांना तो लागतो त्यांना घातला गेला, आणि ज्यांना लागतो की नाही हे ठाऊक नव्हतं त्यांनाही. मग कुणालातरी विचारावं लागलं, की याचा उपयोग नेमका किती?

१९९३ साली त्याचं उत्तर प्रसिद्ध झालं. ब्रिटनमधून चालवलेल्या आणि अनेक देशांत पसरलेल्या एका मोठ्या चाचणीत १,२९२ बाया होत्या. टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरांच्याच मनात शंका होती, अशा या बाया. निम्म्यांना टाका घालायचा ठरला, निम्म्यांना नाही. टाक्याच्या गटात ३३ आठवड्यांच्या आत प्रसूती झाली १३ टक्के बायांची, दुसऱ्या गटात १७ टक्के बायांची. म्हणजे २५ जणींना टाका घालावा तेव्हा एकीची फार लवकरची प्रसूती टळते.

या पंचवीस जणींसोबत थोडा वेळ बसा. त्या एकीच्या घरी पाळणा हलतो आहे. उरलेल्या चोवीस जणींपैकी बहुतेकींचं टाका नसतानाही नीट झालं असतं, आणि काहींचं टाका असूनही झालं नाही. ती एक कोण, हे पंचविसांपैकी कुणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नाही. मूल झालेली प्रत्येकजण म्हणते, टाक्यानं राखलं. ती आयुष्यभर तसं म्हणेल, आणि तिला अडवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

पण त्याच चाचणीत एक छोटा गट होता. ज्यांच्या तीन किंवा त्याहून अधिक गर्भारपणांचा शेवट आधीच अवेळी झालेला होता, अशा बाया. त्यांच्यात टाका न घातलेल्यांपैकी ३२ टक्क्यांची प्रसूती ३३ आठवड्यांच्या आत झाली, टाका घातलेल्यांपैकी १५ टक्क्यांची. प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आता पुन्हा १९५५च्या त्या दोन पानांकडं बघा. किमान चार गर्भपात झालेल्या तीसच बाया. अडतीस वर्षांनी मोठी चाचणी ज्या बायांपाशी येऊन पोचली, साधारण तशाच बाया शिरोडकरांनी पहिल्याच दिवशी निवडल्या होत्या. शस्त्रक्रिया त्यांच्या नावानं गाजली, पण मला त्यांची निवड जास्त थोर वाटते. ही निवड हात चालवण्याच्या आधीची, ऐकण्यातली आहे. कितव्यांदा? कितव्या महिन्यात? दुखलं होतं का? पाणी आधी गेलं की कळा आधी आल्या? असं तीस जणींना शांतपणे विचारल्याशिवाय ते तीस नावांपर्यंत पोचलेच नसते.

आणखी दोन गोष्टी इथंच सांगते, कारण घराघरांत त्यांचे गैरसमज आहेत. जुळं असलं की टाका हवाच, असं नाही; केवळ जुळं आहे म्हणून टाका घालण्यानं फायदा दिसलेला नाही, उलट नुकसानीची शक्यता दिसली आहे. आणि महिनोन् महिने पलंगाला खिळून राहण्यानं गर्भ टिकतो, हेही पुढच्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईला विश्रांती मिळालीच पाहिजे, ती तिचा हक्क म्हणून. पण विश्रांती मिळाली नाही म्हणून गर्भ गेला, असा आरोप तिनं स्वतःवर ओढून घेऊ नये.

आता सोनोग्राफीच्या खोलीत या. आज गर्भाशयमुखाची लांबी आतून सोनोग्राफी करून मिलिमीटरमध्ये मोजतात. आधी अवेळी प्रसूती झालेल्या बाईची लांबी २५ मिलिमीटरच्या खाली आली, की टाक्याचा विचार होतो. शिरोडकर जे बोटांनी चाचपत होते, ते आता पडद्यावर दिसतं.

त्याच पडद्यावर आणखीही काही दिसतं. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्याच म्हैसाळ गावात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भाचं लिंग सांगायला १९९४च्या कायद्यानं बंदी आहे, आणि तरी हे झालं. बाईला नको असलेल्या गर्भारपणातून कायद्यानं, सुरक्षित रीतीनं मोकळं होता येणं ही निराळी गोष्ट आहे. १९७१च्या कायद्यानं तो मार्ग दिला आणि तो हवाच. म्हैसाळला जे झालं ते मुलगी नको म्हणून. एका तालुक्यात एक बाई चौथा गर्भ राहावा म्हणून मुखाला टाका घालून घेते, आणि त्याच तालुक्यात दुसरीचा धडधाकट गर्भ मुलीचा आहे म्हणून ओढ्याकाठी जातो. दोघींच्या पोटावर तेच यंत्र फिरलेलं असतं. हा विचार लवकर बाजूला सारू नका. मला तो अजून सारता आलेला नाही.

आता परत त्या बाकड्यांकडं चला. सिव्हिल हॉस्पिटलची बाह्यरुग्ण खिडकी, हातात केसपेपर, पुढं रांग. डॉक्टरांजवळ प्रत्येकीसाठी मिनिटं मोजकी. “मुलं किती?” असं विचारलं जातं आणि बाई जिवंत मुलांची संख्या सांगते. पाचव्या महिन्यात गेलेलं तिच्या मोजणीत येत नाही, कारण घरानं ते कधी मोजलेलंच नसतं. शिरोडकरांचा सगळा शोध या जागी अडतो. टाका आहे, धागा आहे, घालणारा हात आहे. फक्त त्या बाईचा मागचा हिशेब कागदावर आलेला नाही.

म्हणून हे वाचून झाल्यावर आपल्या घरातल्या बायांकडं बघा. तुमची आजी, आत्या, काकू. त्यांना बोलायचं असेल तरच, निवांत वेळी, विचारा. किती वेळा दिवस राहिले होते, त्यातले किती गर्भ गेले आणि कितव्या महिन्यात. काही जणींना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला असेल. उत्तर मिळालं नाही तर त्यांच्याशेजारी नुसतं बसा.

आणि घरात आत्ता कुणाला दिवस गेले असतील, आधीचं एखादं गेलेलं असेल, तर पहिल्या तपासणीला जाताना एका साध्या कागदावर लिहून न्या. आधीची गर्भारपणं किती. प्रत्येक कितव्या आठवड्यात संपलं, आठवडा ठाऊक नसेल तर कोणता महिना. कळा आल्या होत्या की न दुखता झालं. आधी पाणी गेलं की रक्त. बाळ तेव्हा जिवंत होतं का. पिशवी साफ केली होती का, मुखावर कधी काही शस्त्रक्रिया झाली होती का. आधी टाका घातला असेल तर कधी घातला आणि कधी काढला. हा कागद केसपेपरला लावायला सांगा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून बोला. हे सगळं बाराव्या आठवड्याच्या आत झालं तर बरं, कारण टाका घालायचाच ठरला तर बहुधा तो बारा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान घालतात.